सेटअपची फाइल विसरा: लिनक्सवर सॉफ्टवेअर येतं कुठून आणि जातं कुठं

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे ठरले. त्यातल्या काहींवर आता विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या, बसतायत. पेन ड्राइव्हवरून ते बसवणं फार अवघड नाही. बहुतेक मशीनवर वायफाय लागतं, आवाज येतो, ब्राउझर उघडतो. गाडी अडते ती पहिलं जास्तीचं सॉफ्टवेअर हवं असतं तेव्हा.

हात सवयीनं ब्राउझरकडे जातो. सॉफ्टवेअरचं नाव सर्च करायचं, कंपनीच्या साइटवर जायचं, डाउनलोड दाबायचं, सेटअप चालवायचा, चार वेळा ‘नेक्स्ट’ करायचं. लिनक्सवर असं करायला गेलं की समोर चार-पाच पर्याय येतात: डेब, आरपीएम, टार-जीझेड, ॲपइमेज. यातलं आपलं कुठलं? कुठलीतरी फाइल उतरवली जाते, दोनदा क्लिक केल्यावर काहीच होत नाही किंवा भलतीच एरर येते, आणि ‘लिनक्स आपलं काम नव्हे’ असा निकाल लागतो.

इथं लिनक्स अवघड नसतं, विचारायची जागा चुकलेली असते. विंडोजवर आपण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या दारात जातो. लिनक्सवर आधी आपल्या डिस्ट्रोला, म्हणजे उबुंटू, डेबियन, फेडोरा जे काही बसवलं असेल त्याला विचारायचं. एवढं एक अंगवळणी पडलं की बाकीच्या कमांड्स आठवडाभरात हाताखाली येतात.

पुढचं सगळं उबुंटू, मिंट आणि डेबियन धरून लिहिलं आहे, कारण नवीन येणारे बहुतेक जण याच कुटुंबात उतरतात. कमांड्स इथं देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या.

सेटअप नेमकं काय करतो

विंडोजचा सेटअप हा स्वतःच एक प्रोग्राम असतो. आपण त्याला ॲडमिनचे अधिकार देतो आणि मग तो त्याच्या मर्जीनं काम करतो. फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये टाकतो, रजिस्ट्रीत नोंदी करतो, सोबत स्वतःचा अपडेटर आणतो, कधी एखादं नको असलेलं टूलबारही. काढून टाकायचं झालं तर त्यानंच बनवलेला अनइन्स्टॉलर चालवायचा. त्यानं मागं काही ठेवलं तर ते तसंच पडून राहतं. कुठली फाइल कुठल्या सॉफ्टवेअरनं आणली याचं सगळ्यांचं मिळून एक खातं कुठं ठेवलेलंच नसतं. मायक्रोसॉफ्टनं २०२० साली विंगेट नावाचं साधन आणलं आणि ते कामाचंही आहे, पण बहुतेक वेळा ते पडद्यामागं तेच जुने सेटअप उतरवून चालवतं.

डेबियनच्या पद्धतीत सेटअप नाही, पॅकेज आहे. हे पॅकेज म्हणजेच डेब फाइल. ती उघडून पाहिली तर आत मुख्यतः दोन गठ्ठे दिसतात. एकात प्रत्यक्ष फाइली आणि त्या कुठं ठेवायच्या त्या जागा. दुसऱ्यात माहिती: पॅकेजचं नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचं नाव, आणि हे चालायला आणखी कुठली पॅकेजेस लागतात त्यांची यादी. गरज असेल तर आधी-नंतर चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट. फाइली जागेवर ठेवण्याचं काम पॅकेज स्वतः करत नाही. ते डीपीकेजी नावाचा प्रोग्राम करतो, आणि ठेवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद स्वतःच्या खात्यात करतो.

या खात्याचा उपयोग फारसा कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगतो. सिस्टममधली एखादी अनोळखी फाइल दिसली की ‘डीपीकेजी -एस’ (यातला एस मोठा) आणि पुढं फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. ती कुठल्या पॅकेजची आहे ते लगेच कळतं. उलट ‘डीपीकेजी -एल’ (मोठा एल) आणि पॅकेजचं नाव दिलं की त्यानं कुठं कुठं काय ठेवलंय त्याची पूर्ण यादी येते. विंडोजवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही सोय पहिल्यांदा पाहताना खरी वाटत नाही.

डीपीकेजी १९९४पासूनचा, म्हणजे डेबियन प्रकल्प सुरू झाल्यानंतर वर्षभरातच आलेला. इयन मर्डॉकनं डेबियनची घोषणा ऑगस्ट १९९३मध्ये केली होती. पण डीपीकेजीला एक मर्यादा आहे: हातात दिलेली डेब फाइल तो बसवतो, लागणारी बाकीची पॅकेजेस नसतील तर तक्रार करून थांबतो. ती शोधून आणणारा ॲप्ट नंतर आला. डेबियनच्या १९९९च्या २.१ आवृत्तीपासून तो सोबत आहे. आपण रोज बोलतो ते ॲप्टशी, आणि खालचं ओझं उचलतो तो डीपीकेजी.

ही पॅकेजेस ठेवलेली असतात ती जागा म्हणजे रिपॉझिटरी, बोलताना नुसतं ‘रेपो’. डेबियन १३च्या रेपोत सत्तर हजारांच्या आसपास पॅकेजेस आहेत. ती मूळ लेखकांनी तिथं आणून टाकलेली नसतात. मूळ लेखक सोर्स कोड प्रसिद्ध करतो. डेबियनचा किंवा उबुंटूचा मेंटेनर, म्हणजे ते पॅकेज सांभाळणारा, तो घेतो, आपल्या डिस्ट्रोच्या नियमांत बसवतो आणि मग त्याचं पॅकेज तयार होतं. आपल्यात आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यात हा एक मधला माणूस आहे. विंडोजवर तो नव्हता.

एक पॅकेज जवळून

मराठी वाचकाला उपयोगी पडेल असंच उदाहरण घेऊ. जुन्या मराठी पुस्तकाच्या पानाचा फोटो आहे आणि त्यातला मजकूर टाइप न करता हवा आहे. हे काम टेसरॅक्ट करतो. एचपीमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलेला, २००५मध्ये खुला केलेला आणि पुढं गूगलनं वाढवलेला हा प्रोग्राम. त्याची मराठी माहिती वेगळ्या पॅकेजमध्ये मिळते.

आधी शोध: ‘ॲप्ट सर्च टेसरॅक्ट’. मोठी यादी येते, कारण प्रत्येक भाषेचं पॅकेज स्वतंत्र आहे. त्यात शेवटी ‘एमएआर’ असलेलं आपलं. मग ‘ॲप्ट शो’ आणि त्या पॅकेजचं नाव. वर्णन, आकार, अवलंबित्व (म्हणजे सोबत लागणारी पॅकेजेस) सगळं दिसतं. इथवर पासवर्ड लागत नाही, कारण आपण फक्त विचारतोय, बदलत काहीच नाही.

आता बसवायचं: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’. सुडो म्हणजे ही एक कमांड ॲडमिनच्या अधिकारानं चालव. पासवर्ड विचारला जाईल आणि टाइप करताना पडद्यावर टिंबंसुद्धा उमटणार नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नाही. टाइप करून एंटर दाबायचं.

आणि इथं ॲप्ट थांबतो. तो म्हणतो की तुम्ही दोन नावं दिलीत, पण सोबत आणखी ही पॅकेजेस येतील. त्यात टेसरॅक्टची मूळ लायब्ररी (प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) असते, चित्रं हाताळणारी लेप्टोनिका असते, इंग्रजीची माहिती असते, आणि पान कुठल्या दिशेनं फिरलंय व लिपी कुठली हे ओळखणारं ‘ओएसडी’ असतं. खाली हिशेब: किती अपग्रेड होणार, किती नवीन बसणार, किती काढली जाणार, किती एमबी उतरवायचे, डिस्कवर किती जागा जाणार. शेवटी प्रश्न: पुढं जाऊ का? वाय की एन?

नवखा माणूस इथं डोळे मिटून वाय दाबतो. विंडोजच्या ‘नेक्स्ट’नं लावलेली सवय. पण पॅकेज मॅनेजमेंट शिकायची म्हणजे मुख्यतः हा पडदा वाचायला शिकायचं. वाचायला दहा सेकंद लागतात. त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे ‘काढली जाणार’ हा आकडा. एखादी गोष्ट बसवताना तो शून्य नसेल तर वाय दाबण्याआधी काय काढलं जातंय ती नावं बघायचीच. एप्रिल २०२५मध्ये आलेल्या ॲप्ट ३.०पासून ही नावं लाल रंगात दिसतात. जुन्या आवृत्तीत ती बाकीच्या गर्दीत हरवून जातात. आणखी एक बारकावा: तुम्ही मागितलं त्यापलीकडे काहीच लागत नसेल तर ॲप्ट हा प्रश्न विचारत नाही, सरळ बसवून मोकळा होतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

वाय दाबल्यावर मिनिटभरात काम होतं. ‘टेसरॅक्ट पान.पीएनजी निकाल -एल एमएआर’ (हा एल लहान) अशी कमांड दिली की ‘निकाल’ नावाची टेक्स्ट फाइल तयार. जोडाक्षरांत आणि रफारांत तपासणी लागते, पण अख्खं पान टाइप करण्यापेक्षा ती सोपी.

एवढं सगळं सोबत का येतं?

‘मी एक मागितलं, याने सहा का आणले?’ हा प्रश्न हमखास येतो. कारण लिनक्सवर समाईक गोष्टी खरंच समाईक ठेवतात. विंडोजवर दहा प्रोग्रामना एन्क्रिप्शनची एकच लायब्ररी लागत असेल तर बहुतेक वेळा दहाही जण आपापली प्रत घेऊन येतात. डेबियनवर ती लायब्ररी एक पॅकेज असते आणि दहाही जण तिचं नाव अवलंबित्वात लिहितात.

याचं मोल एप्रिल २०१४मध्ये दिसलं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरच्या माणसाला वाचता येईल असं. जगभरातले सर्व्हर या एका लायब्ररीवर उभे होते. डेबियन आणि उबुंटूवर उपाय काय होता? त्या एका लायब्ररीचं पॅकेज अपग्रेड करायचं आणि ती वापरणाऱ्या सेवा पुन्हा सुरू करायच्या. ज्यांनी लायब्ररी आपल्या प्रोग्रामच्या पोटात भरून विकली होती, त्यांच्या ग्राहकांना मात्र प्रत्येक विक्रेत्याच्या अपडेटची वाट बघावी लागली.

या पद्धतीची किंमतही आहे. एकाला लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी, असं झालं की भांडण लागतं. म्हणून डिस्ट्रो सगळी पॅकेजेस एकमेकांशी जुळवून एका तारखेला गोठवते. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४मध्ये आलं, आणि त्यातल्या बहुतेक पॅकेजेसच्या मुख्य आवृत्त्या तेव्हाच्याच राहतात. मागून येतात ते सुरक्षेचे आणि चुकांचे दुरुस्त तुकडे. त्यामुळे रेपोतला प्रोग्राम साइटवरच्यापेक्षा जुना दिसला तर तो बिघाड समजू नये. ज्याला रोजचं काम करायचंय त्याला स्थिर जुनं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपडेट आणि अपग्रेड

या दोन शब्दांनी जेवढा गोंधळ घातलाय तेवढा बाकी कशानं नाही. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ तुमच्या मशीनवरचा एकही प्रोग्राम बदलत नाही. रेपोत आज काय काय आहे, कुठल्या आवृत्तीत आहे, एवढी यादी ते ताजी करतं. स्टेशनवरून नवं वेळापत्रक आणलं म्हणून गाडी सुटत नाही, तसं. प्रत्यक्ष नव्या आवृत्त्या बसवते ती ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. क्रम कायम आधी अपडेट, मग अपग्रेड. यादी शिळी असेल तर ॲप्ट अशी आवृत्ती मागायला जातो जी रेपोतून कधीच हटवलेली असते, आणि ‘४०४’ची एरर येते. त्यावरचा उपाय फक्त अपडेट पुन्हा चालवणं हा असतो.

गंमत अशी की फेडोराच्या डीएनएफमध्ये, म्हणजे तिथल्या ॲप्टमध्ये, हे दोन्ही शब्द एकाच कामासाठी चालतात. यादी तो स्वतःच ताजी करतो. उबुंटूवरून तिकडं जाणाऱ्यांचा नव्यानं गोंधळ.

ब्राउझर, ऑफिस, फाँट, कर्नल (लिनक्सचा गाभा), सगळ्यांची अपडेट एका ठिकाणाहून येते, हा इथला खरा आराम. सकाळी संगणक उघडला की चार कोपऱ्यांतून चार अपडेटर डोकं वर काढत नाहीत.

विश्वास कुणावर?

रेपोतून आलेलं पॅकेज वाटेत कुणी बदललं नाही हे ॲप्टला कसं कळतं? रेपोच्या मुख्य फाइलीवर डिस्ट्रोची डिजिटल सही असते. त्या फाइलीत पॅकेजच्या याद्यांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठसे) असतात, आणि त्या याद्यांत प्रत्येक डेब फाइलचा हॅश. सही तपासायची चावी तुमच्या मशीनवर पहिल्या दिवसापासून आहे. म्हणून पॅकेज प्रत्यक्षात आयआयटी कानपूरच्या मिररवरून (रेपोची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) येवो की युरोपातल्या, साखळीतली एक कडी जरी जुळली नाही तरी ॲप्ट ते बसवायला नकार देतो.

सही सांगते की हे डेबियनकडूनच आलंय. आतला कोड निर्मळ आहे याची हमी ती देत नाही. २९ मार्च २०२४ला अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरनं उघड केलं की एक्सझेड या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या छोट्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. ‘जिया तान’ या नावानं कुणीतरी दोन-अडीच वर्षं त्या प्रकल्पात काम करून विश्वास मिळवला होता. फ्रॉइंडला संशय आला तो एसएसएचनं (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरायच्या साधनानं) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून! ती आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून घडत असलेल्या शाखांत पोचली होती, लोक रोज वापरतात त्या गोठवलेल्या स्टेबलमध्ये मात्र नाही. गोठवलेल्या जुन्या पॅकेजेसना नावं ठेवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता रेपोबाहेरच्या गोष्टी. कुठल्याशा साइटवरून उतरवलेली डेब फाइल सुडोनं बसवली तर तिच्या आतल्या स्क्रिप्ट पूर्ण अधिकारानं चालतात, म्हणजे आपण पुन्हा विंडोजच्या सेटअपपाशी आलो. गूगल क्रोमसारखं काही हवं असेल तर ते कंपनीच्या साइटवरूनच घ्यावं लागतं, आणि ते पॅकेज जाता जाता कंपनीचा रेपोही तुमच्या यादीत जोडतं, त्यामुळे पुढच्या अपडेट ॲप्टमधूनच मिळतात. हे चालण्यासारखं आहे. फाइल बसवताना ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’पुढं डॉट, स्लॅश आणि फाइलचं नाव द्यायचं, म्हणजे लागणारी बाकीची पॅकेजेसही ॲप्ट आणतो. नुसतं डीपीकेजीनं बसवलं की अवलंबित्वाची ओरड ऐकावी लागते.

पीपीए हे आणखी एक प्रकरण. उबुंटूच्या लाँचपॅड या साइटवर कुणीही आपला छोटा रेपो मांडू शकतो, त्यालाच पीपीए म्हणतात, आणि इंटरनेटवरची अर्धी जुनी उत्तरं ‘हा पीपीए टाका’ अशीच सुरू होतात. एखादा ठीक. पाच-सहा झाले की दोन वर्षांनी उबुंटूची आवृत्ती बदलताना त्याचे चटके बसतात, कारण प्रत्येकानं कुठली ना कुठली लायब्ररी आपल्या पद्धतीनं बदललेली असते. डेबियनवर उबुंटूचा रेपो जोडणं किंवा स्टेबलमध्ये अनस्टेबल मिसळणं याला डेबियनवाले ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. नावावरूनच काय ते समजून घ्यावं.

‘येस, डू ॲज आय से!’

पडदा न वाचल्याची सगळ्यात गाजलेली घटना नोव्हेंबर २०२१मधली. लिनस टेक टिप्स या प्रचंड लोकप्रिय यूट्यूब चॅनेलच्या लिनस सेबॅस्टियननं महिनाभर लिनक्स वापरायचं ठरवलं आणि उबुंटूवर आधारित पॉप ओएस बसवलं. गेमसाठी स्टीम हवं होतं. सॉफ्टवेअरच्या दुकानातून ते बसेना, म्हणून तो टर्मिनलमध्ये गेला आणि ॲप्टला स्टीम बसवायला सांगितलं. त्या दिवसांत स्टीमच्या पॅकेजच्या अवलंबित्वात घोळ झालेला होता. ॲप्टला ते बसवायचा एकच मार्ग दिसला: डेस्कटॉपच काढून टाकायचा. त्यानं तसं लिहिलं. अत्यावश्यक पॅकेजेस काढली जाणार आहेत, काय करताय ते नक्की माहीत असल्याशिवाय हे करू नका, असा इशारा दिला, आणि साधं वाय न मागता ‘येस, डू ॲज आय से!’ हे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. लिनसनं ते टाइप केलं. डेस्कटॉप गेला, काळा पडदा राहिला, आणि लाखो लोकांनी तो पाहिला.

त्यावर बरंच भांडण झालं. एक पक्ष म्हणाला, एवढा इशारा वाचला नाही तर दोष कुणाचा? दुसरा म्हणाला, स्टीम मागितल्यावर डेस्कटॉप काढायची तयारी दाखवणारी व्यवस्था कसली? मला दुसरा पक्ष जास्त पटतो. नवख्या माणसाला शंभर ओळींतली कुठली धोक्याची हे कसं कळणार? ॲप्टच्या विकासकांनाही ते पटलं असावं, कारण त्यानंतर लगेच ते वाक्य टाइप करून अत्यावश्यक पॅकेजेस काढायची सोय बंद झाली. आता त्यासाठी मुद्दाम वेगळा पर्याय द्यावा लागतो. तरीही अत्यावश्यक अशी खूण नसलेल्या हजारो गोष्टी एका वायवर निघू शकतात, म्हणून तो ‘काढली जाणार’चा आकडा.

हमखास भेटणाऱ्या एरर

‘लॉक मिळत नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर दुसरा कुठलातरी ॲप्ट आधीच चालू आहे. उबुंटू सुरक्षेची अपडेट आपणहून पडद्यामागं बसवतं, बहुतेकदा तेच. पाच-दहा मिनिटं थांबायचं. लॉकची फाइल डिलीट करा असा सल्ला जुन्या उत्तरांत सर्रास मिळतो, ऐकू नका. दोघांनी एकाच वेळी त्या खात्यात लिहायला सुरुवात केली तर खातं बिघडतं आणि मग खरंच डोकेदुखी.

‘पॅकेज सापडत नाही’ म्हटलं की आधी स्पेलिंग, मग अपडेट, मग त्या पॅकेजचं डेबियनमधलं नाव वेगळं आहे का ते ‘ॲप्ट सर्च’नं बघायचं. मध्येच वीज गेली आणि काम अर्धवट राहिलं तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ते पुढं नेतं, आणि अवलंबित्व तुटलेलं असेल तर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. इथंही वाय दाबण्याआधी वाचायचं.

पायथन शिकणाऱ्या मुलांना वेगळाच दणका बसतो. ‘पिप इन्स्टॉल’ केलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ अशी एरर. पायथनचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर पिप आणि सिस्टमचा ॲप्ट एकाच जागी फाइली ठेवू लागले तर सिस्टमचेच प्रोग्राम मोडतात, म्हणून डेबियन १२पासून ही अडवणूक आहे. त्या एररला बगल देणारा जो ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ नावाचा पर्याय आहे, त्याच्या नावातच परिणाम लिहिलाय. प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे सिस्टमपासून वेगळा पायथनचा फोल्डर, बनवायचं, आणि पायथनमधला एखादा सुटा प्रोग्राम हवा असेल तर तो पिपएक्स या साधनानं बसवायचा.

स्नॅप, फ्लॅटपॅक वगैरे

उबुंटू २२.०४वर ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’ केलं तर डेब येत नाही, स्नॅप येतं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही वेगळ्या विचाराची पॅकेजेस: प्रोग्राम बहुतेक गरजा सोबत घेऊन येतो आणि सिस्टमपासून बराचसा वेगळा ठेवला जातो. जागा जास्त जाते, पण गोठवलेल्या डिस्ट्रोवरही नवी आवृत्ती मिळते. स्नॅपचं दुकान उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल चालवते आणि ॲप्टमधून गुपचूप स्नॅप येणं मिंटवाल्यांना इतकं खटकलं की २०२०पासून मिंटमध्ये ते मुळातच बंद ठेवलंय. तिथं फ्लॅटपॅक तयार मिळतं. माझी पद्धत साधी आहे. आधी डिस्ट्रोचा रेपो. तिथली आवृत्ती खरंच पुरत नसेल तर फ्लॅटपॅक. डेब फाइल आणि पीपीए सगळ्यात शेवटी.

काढताना

‘ॲप्ट रिमूव्ह’ प्रोग्राम काढतो पण सिस्टमभर लागू असलेल्या सेटिंगच्या फाइली ठेवतो. ‘ॲप्ट पर्ज’ त्याही काढतो. तुमच्या होम फोल्डरातल्या खासगी सेटिंगला मात्र दोघंही हात लावत नाहीत. टेसरॅक्ट काढलं तरी सोबत आलेली लेप्टोनिका तशीच राहील. पण ॲप्टनं ती ‘आपोआप आलेली’ अशी खूण करून ठेवलीय. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ म्हटलं की अशी आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस निघतात, जुने कर्नलही. यादी वाचूनच वाय. तुमच्या कामाचं काही त्यात दिसलं तर ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’नं ते स्वतः मागितलेलं आहे अशी खूण करता येते.

‘काल चालत होतं, आज चालत नाही’ अशा वेळी व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये, ॲप्टच्या फोल्डरात, हिस्टरी डॉट लॉग ही फाइल उघडायची. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या कमांडनं काय बसलं, काय वर गेलं, काय निघालं, सगळं तारीखवार मिळतं. कुणाकडे मदत मागताना त्यातल्या शेवटच्या दहा ओळी दिल्या तर समोरच्याचं निम्मं काम होतं.

दुसऱ्या डिस्ट्रोवर गेलात तरी हीच रचना भेटते. फेडोरावर डीएनएफ आणि आरपीएम, ओपनसुसेवर झिपर, आर्चवर पॅकमॅन. मॅकवर २००९पासून होमब्रू आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅकचं बॉस लिनक्स डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे एखाद्या सरकारी कार्यालयात ते दिसलं तर तिथंही ॲप्टच.

विंडोज सोडण्याआधी एक काम करून ठेवा: रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी काढून एकेक नाव रेपोत शोधा. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, जिंप आरामात मिळतील. देवनागरी फाँटसाठी ‘फाँट्स-देवा’ हे एकच नाव पुरतं. ते स्वतः रिकामं पॅकेज आहे, त्याच्या अवलंबित्वातून सगळे फाँट येतात. मराठी टायपिंगला ‘आयबस-एम१७एन’ बसवून एकदा लॉगआउट करून पुन्हा आत या, म्हणजे फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट दोन्ही दिसतील. एमएस ऑफिस किंवा टॅली मात्र कुठल्याच रेपोत नाही. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर विंडोज पुसण्यापूर्वीच त्या युनिकोडमध्ये करून घ्या.